उजव्या खांद्यातली घडी

९ जून

ती. स्व. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. आमच्याकडे फोन लावला की आधी आईच रडते, मग तिची समजूत काढता काढता माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र. पहिल्याच ओळीत लिहून टाकायचं ठरवलं होतं, तरी बघ, चार ओळी इकडच्या तिकडच्या झाल्याच.

नर्सिंगच्या यादीत माझं नाव नाही.

म्हणजे अगदीच नाही असंही नाही. वेटिंगला पहिला नंबर आहे. निवडलेल्यांपैकी एखादी आली नाही तर मला बोलावतील. आई म्हणते, हे म्हणजे दारात उभं करून ठेवल्यासारखं आहे, आत ये म्हणत नाहीत आणि घरी जा म्हणत नाहीत. बाबांनी हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला.

लेखी परीक्षेत मी चांगली होते. माती खाल्ली ती मुलाखतीत. टेबलाच्या पलीकडे तिघंजण होते. त्यातल्या चष्म्याला साखळी लावलेल्या बाईंनी विचारलं की, समजा असा पेशंट आहे की ज्याच्यासाठी आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, तर तू काय करशील? मी म्हटलं, चादर बदलीन. त्या म्हणाल्या, बदलली, मग? मी म्हटलं, कूस बदलून देईन, ओठांना पाणी लावीन, उशी नीट करीन. त्या म्हणाल्या, तेही झालं, आता? मी म्हटलं, अजून काहीतरी असेलच की करण्यासारखं. त्यावर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मीही त्यांच्याकडे. मग म्हणाल्या, ठीक आहे, या तुम्ही.

तेव्हापासून भांडी घासताना, इस्त्री करताना तोच प्रश्न डोक्यात. काय उत्तर होतं गं त्याचं? तुला माहीत असेल, तू इतकी वर्षं वॉर्डात आहेस. मला आता उपयोग नाही, पण कळू दे.

समोरच्या लाँड्रीवाल्या काकूंना आईने निकालाच्या आधीच सांगून ठेवलं होतं की आमची टाचणी नर्स होणार. आता आई रस्त्याच्या त्या बाजूने जातच नाही. आमच्या चादरी घरीच धुतल्या जातात.

आहे हे असं आहे. तुझा लोभ आहे तेवढा असू दे, तो तरी वेटिंगवर ठेवू नकोस.

तुझी,
टाचणी


१५ जून

चि. टाचणीस,
आत्याचे अ. आ.

पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. नंतर औषधांची ट्रॉली ढकलत निघाले ती दोन खाटा सोडून पुढेच गेले, एका आजोबांनी हाक मारून मागे बोलावलं. तेव्हा माझं मन कुठे होतं ते तूच समज.

डोळे पूस, असं मी लिहिणार नाही. इथून माझा रुमाल तिथे पोचत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बस, हे लिहायला पेन उचललं होतं, पण ते तुला एव्हाना सगळ्या गल्लीने सांगून झालं असेल. सांगणाऱ्याचं काय जातं. वर्ष तुला काढायचं आहे.

तुझा तो प्रश्न. खरं सांगू? मला विचारलं असतं तर मीही चादरच बदलली असती. आमच्या वॉर्डात कुणाचं काही करता येईनासं झालं की आम्ही सगळ्याजणी एकदम कामाला लागतो. कुणी खिडकी पुसतं, कुणी तक्ता सरळ करतं. नुसतं उभं राहवत नाही म्हणून. त्यामुळे उत्तर मला माहीत नाही. त्या साखळीवाल्या बाईंना माहीत असेल तर त्यांनी मलाही पत्राने कळवावं.

मुलाखतीला सरळ उभी राहिलीस ना? लहानपणी तुला फोटोसाठी उभं केलं की उजवीकडून घसरल्यासारखी दिसायचीस. फोटोवाला म्हणायचा, पोरीला नीट उभी करा. तुझा बाप चिडायचा, म्हणायचा पोर नीटच आहे, तुमचा कॅमेरा वाकडा आहे. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या खांद्यात आतून कापडाची घडी घालून देतो तो. तुला सवय झाली असेल, तुझ्या लक्षातही येत नसेल.

जेवत जा. आईला सांग, लाँड्रीवालीला तोंड लपवण्याइतका मोठा गुन्हा घरात कुणी केलेला नाही. मोठ्यांस नमस्कार सांगावा असं लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या घरात माझ्याहून मोठं कुणी नाही, तेव्हा सगळ्यांना दटावणी सांग.

तुझी,
आत्या


२१ जून

ती. अक्कास,
भाऊचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. तू हसशील. पण तोंडाने हे बोलायला मला जमणार नाही.

तुझ्याबरोबर शिकायला होती ती तुझी मैत्रीण, उंच, मोठ्याने हसणारी, ती आता इथल्या नर्सिंग कॉलेजात मेट्रन आहे असं ऐकलं. तिच्याकडे एक शब्द टाकशील का? मी आयुष्यात कुणाकडे शब्द टाकला नाही. गिऱ्हाइकाने कापड परत आणलं तरी मी निमूट दुरुस्त करून देतो. पण पोरीकडे बघवत नाही. बोलते, हसते, सगळं करते. पण इस्त्री करताना उभीच राहते, मग कापड करपल्याचा वास येतो तेव्हा भानावर येते.

आणखी एक. दरवर्षीप्रमाणे नवीन मुलींच्या युनिफॉर्मचं काम आपल्याकडेच आलं आहे. फिकट निळ्या कापडाचे तागे काल दुकानात येऊन पडले. मी परत करणार होतो. ही म्हणाली, परत करून काय साधणार, पोरगी तिकडे गेली नाही ती नाहीच, वर हातचं कामही जाईल. मी तरी नको म्हणत होतो. तेवढ्यात टाचणीच आतून आली आणि म्हणाली की बाबा, मुलींची मापं दरवर्षी मीच घेते, याही वर्षी मीच घेईन. तागा उचलून फळीवर ठेवला तिने. माझ्याच्याने उचलला गेला नव्हता.

मी बाप असून काय करतो आहे, तर ज्या मुलींनी तिची जागा घेतली त्यांचे कपडे शिवतो आहे. असं म्हणू नये, कळतं मला. त्यांनी कुणाची घेतलेली नाही. तरी मनात येतं.

शब्द टाकशील का ते कळव. आजवर धाकट्याचे लाड केलेस तसा हा शेवटचा कर.

तुझा,
भाऊ


२८ जून

चि. भाऊस,
अक्काचे अ. आ.

शब्द टाकला. पत्रावर भरवसा नव्हता म्हणून फोन केला. आधी तिने माझी विचारपूस केली, जुन्या दिवसांवर भरपूर हसली, अजूनही तशीच हसते. मग मी मुद्द्यावर आले. म्हणाली, यादी तिच्या हातात नाही. आणि असती तरी एकीला पुढे ओढायची तर एकीला मागे ढकलावी लागेल, आणि तीही कुणाची तरी भाची असणारच. तिचं बरोबर होतं. मला ते बरोबर असल्याचा राग आला आणि मी फोन लवकर ठेवला.

वॉर्डात माझा दरारा आहे रे भाऊ. नवे डॉक्टर मला विचारून पुढचं पाऊल टाकतात. पण वॉर्डाच्या दाराबाहेर मला कुत्रं विचारत नाही, हे या निमित्ताने कळलं. तुझं काम झालं नाही. मला फार वाईट वाटतं आहे आणि त्या वाटण्याचा तुला काडीचा उपयोग नाही.

पोरीला मापं घेऊ दे. तिला अडवू नकोस. स्वतःहून उचललेलं ओझं कमी लागतं असं म्हणतात. खरं आहे की नाही ते ती सांगेल.

मी फोन केला होता हे तिला कळू देऊ नकोस. आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस, काम झालं नाही तरी.

अक्का


६ जुलै

ती. स्व. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

सध्या टेप गळ्यात आणि टाचण्या तोंडात, म्हणून बोलणं बंद आणि लिहिणं सुरू.

मुली येताहेत. दोघीतिघींच्या घोळक्याने येतात. टेप छातीभोवती नेला की श्वास आत ओढून धरतात, मग मी सांगते की बाई गं, श्वास सोड, नाहीतर वर्षभर असाच धरून बसावा लागेल. एकीला खिसा खोल हवा होता, तिच्या बहिणीने सांगितलंय म्हणे की नर्सचा खिसा कधी पुरत नाही. एक एवढी बुटकी आहे की तिच्या मापाच्या कापडात मला बाबांसाठी एक रुमालही निघेल. सगळ्या चांगल्या आहेत गं. एखादी तरी खडूस निघाली असती तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात बोटं मोडता आली असती.

एकीने विचारलं, तूपण आहेस का आमच्याबरोबर? मी म्हटलं, नाही, मी शिवते. तिने छान म्हटलं. मग तिची बाही मी दोनदा मोजली.

आता खरी गोष्ट. ती लिहू की नको असं करत दोन दिवस गेले. एक मुलगी अजून आलेली नाही. बाकी सगळ्या येऊन गेल्या. मापं द्यायची मुदतही संपली. बाबा कापडाच्या कामासाठी कॉलेजच्या ऑफिसात गेले होते, तिथल्या क्लार्कने सांगितलं की तिला फोन लागत नाही, आणि वर्ग सुरू व्हायच्या दिवशी ती हजर नसेल तर जागा वेटिंगवाल्या पहिल्या मुलीला. बाबा घरी आले ते चप्पल न काढताच आत. त्यांनी इतकंच सांगितलं आणि पाणी प्यायले. आईने देवाला हात जोडले. तेव्हापासून दुकानाचं दार वाजलं की मी हातातलं टाकून आधी दाराकडे बघते. ती नसली की मोकळा श्वास घेते.

ती येऊ नये असं मला वाटतं, आत्या. ती आजारी पडावी, तिचं लग्न ठरावं, तिच्या घरच्यांनी नको म्हणावं, काहीही. कुणाचं तरी काहीतरी वाकडं व्हावं म्हणून वाट बघत बसले आहे, आणि निघाले होते नर्स व्हायला. त्या साखळीवाल्या बाईंनी मला बरोबर ओळखलं बहुतेक.

हे वाचून लोभ कमी झाला तर तसं स्पष्ट कळव.

टाचणी


११ जुलै

ती. अक्कास,
भाऊचा सा. न. वि. वि.

तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि इथे कुणाला सांगता येत नाही.

युनिफॉर्मचं कापड मी एकेक करून कापत नाही. सारख्या मापाच्या मुलींचं कापड एकावर एक थर लावून एकदम कापतो. परवा मधल्या मापाची थप्पी लावली. सगळे थर झाले. खडूने आखलं. कात्री हातात घेतली आणि काय झालं कोण जाणे, ताग्यावरून आणखी एक थर ओढून वर घातला.

माप घ्यावं लागलं नाही. तिचं माप मला झोपेतही येतं. कॉलरला आतून दुहेरी अस्तर घातलं आहे, नाहीतर नव्या कापडाने तिची मान लाल होते. उजव्या खांद्यात घडी घातली. शिवताना ती आत स्वयंपाकघरात होती. मशीनचा आवाज रोजचाच, तिला काय कळणार.

ती मुलगी काही येत नाही, अक्का. मापाला जी आली नाही ती शिकायला कशी येणार? कपड्याशिवाय कुणी पहिल्या दिवशी जाईल का? माझा आपला हा साधा हिशोब. आणि ऐनवेळी टाचणीला बोलावणं आलं तर तिला बिनयुनिफॉर्मची पाठवायची? सगळ्या कॉलेजचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याची पोर?

दुकानात तो जुना मोठा ओव्हरकोट लटकतो आहे, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही तो. त्याच्या आत लपवून ठेवला आहे. टाचणीला कळू देऊ नकोस. हिलाही माहीत नाही. हिला कळलं तर संध्याकाळपर्यंत लाँड्रीत कळेल.

वेड्या भावावर आहे तशीच माया ठेव.

भाऊ


१६ जुलै

चि. भाऊस,
अक्काचे अ. आ.

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. अरे, पोरीचं नाव यादीत नाही, जागा रिकामी नाही, आणि तू कपडा शिवून मोकळा. मापाला आली नाही म्हणजे शिकायला येणार नाही, हे कुठल्या शाळेत शिकलास? जगात माणसं फक्त शिंप्याकडे जाऊनच पुढे जातात असं तुला वाटतं. तिचा पाय मुरगळला असेल, फोन हरवला असेल. आज ना उद्या येईल आणि मग तो ओव्हरकोट तुला रोज चावायला उठेल.

आत्ताच्या आत्ता उसवून टाक, असं लिहिणार होते. मग काय झालं ते सांगते, म्हणजे तुला चारचौघांत मला हसता येईल. शिकताना मला मिळालेलं छातीवर टाचायचं घड्याळ ट्रंकेत पडून होतं. टाचणीचं पत्र आलं, एक मुलगी आली नाही म्हणून, त्याच दिवशी मी ते काढलं, काच पुसली, किल्ली दिली. चालू झालं. कापसात गुंडाळून खोक्यात घातलं आणि खोक्यावर तुमचा पत्ता लिहिला. मग भानावर आले. खोकं इथेच टेबलावर आहे. पाठवलेलं नाही, पण पत्ताही खोडलेला नाही.

तेव्हा तू वेडा तर मी शहाणी नाही. एकाच आईची लेकरं आपण. ठेव तो कपडा लपवून. निदान नीट ठेव, कसर लागेल.

काळजी करू नकोस असं लिहून काही होणार नाही, कर. पण पोरीसमोर करू नकोस.

अक्का


१९ जुलै

ती. स्व. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

बाबांना सांगणार नसशील तरच पुढे वाच.

दुकानातला तो बेवारशी ओव्हरकोट झटकायला काढला. कसर लागली असेल म्हणून बाबा अचानक दोनतीनदा त्याच्याकडे बघून गेले होते, म्हटलं त्यांची काळजी मिटवू. आत हाताला निळं कापड लागलं. मला वाटलं कुणाचा तरी तयार युनिफॉर्म चुकून इथे राहिला. माप कुणाचं ते बघायला उलटा केला आणि उजव्या खांद्यात घडी दिसली.

तू लिहिलं होतंस ना, माझ्या लक्षातही येत नसेल. येतं, आत्या. शाळेत असल्यापासून येतं. मैत्रिणीचा स्वेटर घातला की मी उजवीकडे उतरते आणि घरचे कपडे घातले की सरळ होते, एवढं न कळायला मी काय लाकूड आहे? पण बाबांना वाटतं मला माहीत नाही, म्हणून मलाही माहीत नाही.

बाबा कापड आणायला गेले होते आणि आई मागे कपडे वाळत घालत होती. मी दार लोटून तो घालून बघितला. घालायला नको होता. बसला गं. असा बसला की कॉलर लागली नाही, काखेत ओढलं नाही, खांदे आरशात पट्टीने आखल्यासारखे. मी अगदी नर्स दिसत होते. हात खिशात घातले, तर खिसेही खोल. मापाला आलेल्या त्या मुलीला हवे होते तेवढेच, आमचं बोलणं बाबांनी आतून ऐकलं असणार. मग काढवेना. आईची बादली वाजली तेव्हा घाईने काढला, तशीच घडी करून कोटात ठेवला आणि जाऊन कांदा चिरला, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारणार नाही.

आता बाबा कोटाकडे बघत नाहीत आणि मीही बघत नाही. दोघंही एवढं बघत नाही की आईने काल विचारलं, त्या भिंतीला काय झालंय?

वर्ग सोमवारी सुरू होणार. ती अजून आली नाही. मी देवाला काही म्हणत नाही, मागायला तोंड नाही मला.

लोभ ठेव, आणि गुपितही.

टाचणी


२३ जुलै

चि. टाचणीस,
आत्याचे अ. आ.

तुझ्या बापाला मी काही सांगत नाही. आणि तुझ्या बापाचं तुला काही सांगत नाही, कारण मला काही माहीत नाही. सध्या मला काही माहीत नसलेल्या गोष्टी फार झाल्या आहेत, डोक्यात जागा उरली नाही.

ती येऊ नये असं वाटतं म्हणून तू वाईट, असं काही मनात आणू नकोस. आमच्या वॉर्डात एक खाट रिकामी व्हावी म्हणून बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात. खाट रिकामी होते म्हणजे काय होतं हे त्यांना कळत नाही थोडंच. तरी बसतात. त्यांना मी कधी वाईट म्हटलेलं नाही.

सोमवार उजाडेपर्यंत मी इथून काहीही करू शकत नाही. रजा मागितली होती, मिळाली नाही. मिळाली असती तरी तिथे येऊन मी काय केलं असतं? तुमच्या चादरी बदलल्या असत्या.

पत्र पोचेल तेव्हा काय ते झालेलं असेल. जे काही होईल ते मला कळव, आणि माझी आहेस तशी राहा.

आत्या


३० जुलै

ती. स्व. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

ती आली.

रविवारी दिवेलागणीच्या सुमारास, आम्ही दुकान बंद करायला घेतलं होतं तेव्हा. हातात बॅग, कोपरापर्यंत मेंदी. आजारी नव्हती, कुणी अडवलं नव्हतं, तिच्यावर काही संकट कोसळलं नव्हतं. मावसबहिणीचं लग्न होतं म्हणे लांब कुठेतरी. तिकडे फोन लागत नव्हता, मग नाचगाण्यात मापाचं विसरूनच गेली, आत्ता गाडीतून उतरून थेट इकडे आली. हसत सांगत होती. मग आमची तोंडं बघून तिचं हसणं आटलं. उद्या पहिल्याच तासाला युनिफॉर्म लागतो, नसेल तर दारातूनच परत पाठवतात असं कुणीतरी तिला गाडीत सांगितलं होतं. ती एकदम स्टुलावर बसून रडायलाच लागली.

बाबा म्हणाले, आता काही होणार नाही, कापड संपलं. खोटं बोलले गं. बाबा. फळीवर निळा तागा सगळ्यांना दिसत होता. तिलाही दिसत होता. बाबांनी मान खाली घालून टेप गुंडाळायला घेतला आणि तो काही केल्या गुंडाळला जाईना.

मी त्या मुलीकडे पाहिलं. उंची माझ्याएवढी. अंगानेही माझ्यासारखीच, मधल्या मापाची. वाटलं, गप्प बसावं. नुसतं गप्प बसायचं होतं, हात पुढे करायचाही नव्हता. उद्या खरंच तिला दारातून परत पाठवलं असतं तर? पाठवलं नसतं हेही मला माहीत होतं, कपड्यासाठी कुणी कुणाची जागा घेत नाही. पण तेवढी एक आशा उरलीच होती आणि ती माझ्या हातात होती.

मी उठले आणि ओव्हरकोटात हात घातला.

बाबांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. त्यांना कळलं की मला माहीत होतं. मी म्हटलं, बाबा, हा एक चुकून जास्त कापला गेला होता ना, हिला बघूया. बाबा हो म्हणाले.

तिने घातला. सगळीकडे बसला, फक्त उजवा खांदा वर उचलल्यासारखा दिसायला लागला. तिचे खांदे सरळ आहेत. ती आरशात बघून म्हणाली, इथे आत काहीतरी आहे का? मी तिला काढायला सांगितला, दिव्याखाली घेऊन बसले आणि छोट्या कात्रीने खांदा उसवला. बाबांचे टाके फार बारीक असतात. कापड न दुखावता एकेक काढावा लागला. घडी बाहेर आली, मी पुन्हा शिवून दिला. बाबा शेजारीच होते पण त्यांनी हात लावला नाही. आईने त्या मुलीला पाणी दिलं, खायला दिलं, लग्न कसं झालं ते विचारलं. आईला काय समजलं आणि काय नाही ते मला कळलं नाही. जाताना ती मुलगी माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, तू होतीस म्हणून. मेंदीचा वास येत होता तिला.

ती गेल्यावर काही काम उरलं नव्हतं. दुकान बंद करून झालं होतं, केर काढून झाला होता. बाबा मशीनपुढे नुसते बसले होते, पाय पायडलवर होता पण हलवत नव्हते. मला वाटलं चहा करावा, त्यांचा चष्मा पुसावा, काहीतरी करावं. उठलेही. मग परत वळले आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघंही बसलो. मला त्या साखळीवाल्या बाई आठवल्या, आणि खूप राग आला त्यांचा.

सोमवारी सकाळी मुली आमच्या दुकानावरूनच कॉलेजात गेल्या. मी दारात उभी होते. कॉलर बघितल्या, बाह्या बघितल्या, एकीचीही शिवण ओढत नव्हती. ती लग्नवाली मागे मागे होती, मला हात केला. पुढे गेल्यावर मी तिला मागून पाहिलं. खांदे सरळ दिसत होते.

पुढच्या वर्षाचं मला आत्ता काही विचारू नकोस. मला खरंच माहीत नाही. तुझ्या पत्राची वाट बघते. लोभ आहे हे मला माहीत आहे, तरी एकदा लिहून पाठव.

टाचणी


२ ऑगस्ट

ती. अक्कास,
भाऊचा सा. न. वि. वि.

टाचणीने तुला सगळं कळवलं असेल. तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. तुला दोन्हीकडचं माहीत होतं आणि तू गप्प बसलीस, तुझं कसं झालं असेल ते आत्ता माझ्या लक्षात येतं आहे.

तिने ज्या हाताने तो खांदा उसवला तो हात मी बघत होतो. उसवायला तिला मीच शिकवलं. कापड दुखवायचं नाही, टाका ओढायचा नाही, खालून उचलायचा आणि कापायचा. तिने बरोब्बर तसंच केलं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

ती मुलगी पैसे द्यायला लागली तर मी घेतले नाहीत. कॉलेजकडून मिळतात, असं सांगितलं. त्या एका कपड्याचे मी कुणाकडूनच घेणार नाही.

खांद्यातून काढलेली ती घडी टेबलावर पडली होती. बोटभर कापड. म्हटलं ठेवून काय करायचं, टाकून दिली. आत जाऊन झोपलो. झोप येईना. सकाळी उठून ती शोधली, टेबलाखाली, मशीनखाली, चिंध्यांच्या पिशवीत. टाचणीने विचारलं, बाबा, काय शोधताय? मी म्हटलं, सुई पडली. तीही वाकून माझ्याबरोबर शोधायला लागली. जमिनीवर हात फिरवत होती. दोघांनाही माहीत होतं की सुई नाही.

घडी सापडली नाही. हिने भल्या सकाळीच केर काढून बाहेर टाकला होता.

टेबलावरचं ते घड्याळाचं खोकं तसंच ठेव. पत्ता खोडू नकोस एवढंच मागतो. माया आहे ती राहू दे.

तुझा,
भाऊ